मुठीतील खेळ मोठ्या पडद्यावर

दिवाळीचा पाडवा उलटला की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दंडारीचे फड, रात्री नाटक किंवा खडी गंमत, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात, धानाच्या कापणीतून घटकाभर मोकळी झालेली मंडळी ज्यांच्याभोवती रेंगाळतात अशी खेळण्यांची, बांगड्यांची व जिलेबीची दुकाने, हा या मुलुखाचा जुना शिरस्ता आहे. गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला) त्या काळात, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, अशा जत्रा-बाजारांतील खेळण्यांच्या मांडणीत एक नवी वस्तू येऊन बसली : पेन्सिल सेलांवर चालणारा, राखी काचेचा, डब्यावर ‘९९९९ खेळ’ अशी भरघोस ग्वाही छापलेला ब्रिक गेम. मॉस्कोचे अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली रचलेला, वरून पडणारे ठोकळे नीट बसवण्याचा टेट्रिस हा खेळ आपल्याकडील पुष्कळ मुलांना प्रथम भेटला तो याच रूपाने.

त्याच सुमारास दुसऱ्या जातीचा एक खेळ शहरांतील घरांत पोहोचला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या; टीव्हीला तार जोडावयाची, वर कॅसेट खोचावयाची आणि दोन रिमोट घेऊन दोघांनी जमिनीवर मांडी ठोकून बसावयाचे, अशी त्याची वहिवाट. एक खेळ मुठीत मावणारा व एकट्याचा, दुसरा घराच्या दर्शनी खोलीतला व साऱ्या घराचा. मुठीतला खेळ मोठ्या पडद्यावर आणता येईल काय, ही जिज्ञासा पुष्कळांच्या मनात तेव्हापासून असेल. ती आता घरच्या घरी पुरी करता येते. आणि ती पुरी करताना चित्र म्हणजे काय, पडदा म्हणजे काय, आणि यंत्रामधील काळ कसा मोजला जातो याचे जे शिक्षण घडते, ते मला प्रत्यक्ष खेळापेक्षाही मोलाचे वाटते.

असा खटाटोप करण्याचे व्यावहारिक कारणही आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या हातयंत्रांत सर्वप्रथम निकामी होते ती काच. तिच्या कडेची चिकटवलेली पट्टी सुटते आणि उभ्या रेघा नाहीशा होतात. तिच्यावरील ध्रुवक पापुद्रा उन्हाने करपतो. आणि वैशाखातल्या आमच्याकडील उष्म्यात ही झीज लवकर होते. आतील मंडल मात्र बहुधा धडधाकट असते. ज्याचे डोळे गेले पण बुद्धी शाबूत आहे अशा यंत्राला दुसरे डोळे देणे, एवढाच या रूपांतराचा मूळ हेतू.

या विषयात आदर्श उदाहरण म्हणून जे यंत्र घ्यावे ते निन्टेन्डोचेच गेम बॉय. २१ एप्रिल १९८९ रोजी ते जपानात विक्रीस आले. त्याच्या निर्मितीचे प्रमुख गुनपेई योकोई यांची धारणा अशी होती की, अगदी नवे, महाग व अजमावून न पाहिलेले तंत्र वापरण्याऐवजी जुने, स्वस्त आणि पुरते पारखलेले तंत्र अनपेक्षित जागी वापरावे. म्हणूनच प्रतिस्पर्धी रंगीत व उजळ पडदे करीत असताना त्यांनी आडव्या १६० आणि उभ्या १४४ ठिपक्यांची, चारच छटा दाखवणारी, स्वतःचा प्रकाश नसलेली हिरवट काच पत्करली. चार पेन्सिल सेलांवर ते यंत्र तासन्‌तास चाले. त्याची व त्याच्या पुढील रंगीत आवृत्तीची मिळून ११ कोटींहून अधिक नग विक्री झाली, तेव्हा योकोईंचा हिशेब चुकला असे कोणास म्हणता येणार नाही. परंतु टीव्हीशी त्याची जोडणी करू पाहणाऱ्याच्या वाटेतील मुख्य अडचण याच काचेच्या निवडीतून उद्भवते, आणि ती नीट समजून घेण्यासाठी दोन पडद्यांचे स्वभाव आधी पाहिले पाहिजेत.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र असे कोठेच नसते. असतो तो इलेक्ट्रॉनांचा झोत, जो डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, झटक्याने परत फिरतो, पुढची ओळ ओढतो, आणि तळ गाठल्यावर पुन्हा माथ्याशी जातो. चित्राचा भास होतो तो आपल्या दृष्टीत. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत पूर्ण चित्राच्या ओळी ६२५, सेकंदाला अशी चित्रे २५, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे आधी एकाआड एक ओळी व मग उरलेल्या, असा बंदोबस्त आहे. त्यामुळे सेकंदाला १५,६२५ ओळी ओढाव्या लागतात आणि एका ओळीच्या वाट्याला बरोबर ६४ मायक्रोसेकंद येतात. दुरुस्तीच्या दुकानांत ज्याला ईएचटी म्हणतात तो रोहित्राचा गोळा याच वेगाला अनुरूप करून बांधलेला असतो. सबब ही मुदत टीव्हीच्या अंगातच मुरलेली आहे. येणारा संदेश तिच्याशी थोडा विसंगत असला तर तो सांभाळून घेतो, फार विसंगत असला तर चित्राच्या तिरप्या चिंध्या होतात.

द्रवस्फटिकाच्या काचेचे तसे नाही. तेथे झोत नाही, परत फिरण्याचा प्रश्न नाही. एका ओळीचे १६० ठिपके एकामागून एक आत सरकवावयाचे, ओळ भरली की खूण करावयाची, मग ती ओळ एकदम काचेवर लागते. पुढची ओळ थोडी लवकर आली काय किंवा थोडी उशिरा आली काय, काच तक्रार करीत नाही. या सोशिकपणाचा गेम बॉयच्या रचनाकारांनी पुरेपूर लाभ घेतला. त्या यंत्राचे घड्याळ सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके देते. एका ओळीसाठी ४५६ ठोके राखून ठेवलेले असतात. दृश्य १४४ आणि विश्रांतीच्या १० मिळून एका चित्राच्या ओळी १५४. यावरून सहज गणित होते की एका ओळीला सुमारे १०८.७ मायक्रोसेकंद लागतात, सेकंदाला सुमारे ९,१९८ ओळी होतात, आणि चित्रे होतात ५९.७३. टीव्हीला हव्यात १५,६२५ ओळी आणि हाती येतात ९,१९८! शिवाय एका ओळीच्या आतसुद्धा ठिपके समान अंतराने येत नाहीत. पार्श्वभूमीवर एखादी हलती आकृती आली, की चित्र रचणारा भाग तिचा तपशील स्मृतीतून आणण्यासाठी क्षणभर थबकतो आणि ठिपक्यांचे घड्याळही तेवढा वेळ थांबते. त्यामुळे ओळ रचण्याचे काम कधी १७२ ठोक्यांत उरकते तर कधी २८९ पर्यंत लांबते. काचेला याचा पत्ताही लागत नाही. टीव्हीच्या झोताला मात्र थांबणे ठाऊक नाही.

म्हणून गेम बॉयच्या आतल्या तारा सरळ टीव्हीच्या मागील पिवळ्या भोकात आणून जोडल्या म्हणजे चित्र उमटेल, ही समजूत मुळातच फोल आहे. अडचण व्होल्टेजची नाही, खोबणीच्या आकाराची तर नाहीच. अडचण दोन निराळ्या घड्याळांची आहे. आणि दोन घड्याळांमधील तंटा मिटवण्याचा मार्ग एकच : मध्ये साठवण करावयाची.

गोंदियाच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात येथे दोन मापांचे रूळ एकत्र आले : मुंबई-हावडा मार्गाचा साडेपाच फुटी रुंद रूळ, आणि बालाघाट-जबलपूरकडे व नागभीड-चांदा फोर्टकडे जाणारी अडीच फुटी छोटी लाईन. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढवता येत नसे. तेव्हा ती जेव्हा येईल तेव्हा तिचा माल धक्क्यावर उतरवून घ्यावयाचा, आणि मोठी गाडी आपल्या वेळेवर लागली की तोच माल तिच्यात भरावयाचा, हाच शिरस्ता चाले. छोट्या गाडीला उशीर झाला म्हणून मोठी गाडी खोळंबत नसे. धक्का मध्ये होता. रूपांतराच्या यंत्रात या मालधक्क्याचे काम स्मृतीची एक चिप करते. गेम बॉयकडून ठिपका जसा येईल तसा ती नोंदवून ठेवते, आणि टीव्हीला लागणारी ओळ टीव्हीच्या मुदतीबरहुकूम तीतून वाचून पाठवली जाते.

हा धक्का केवढा लागतो हे पाहिले म्हणजे त्या काळच्या काटकसरीचे कौतुक वाटते. चार छटा म्हणजे प्रत्येक ठिपक्याला दोन बिट. १६० गुणिले १४४ गुणिले २ म्हणजे ४६,०८० बिट, अर्थात ५,७६० बाइट. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका सामान्य छायाचित्राच्या जागेत अशी शेकडो संपूर्ण चित्रे मावतील. प्रत्यक्षात एकाऐवजी दोन किंवा तीन साठे ठेवावे लागतात. साठा एकच असेल तर लिहिणाऱ्याला वाचणारा वाटेत गाठतो आणि पडद्यावर वरचा अर्धा भाग नव्या चित्राचा व खालचा जुन्या चित्राचा असा फाटका देखावा दिसतो. धावत्या खेळात तो डोळ्याला फार टोचतो. एकात लिहावे, पूर्ण झालेला दुसरा वाचावा, आणि पालटापालट फक्त दोन चित्रांमधील विश्रांतीत करावी, हा त्यावरील इलाज.

सगळीच हातयंत्रे इतकी हट्टी नसतात. सेगा कंपनीचे १९९० सालचे गेम गिअर हे रंगीत यंत्र त्याच कंपनीच्या मास्टर सिस्टम या टीव्हीवरील यंत्राच्या कुळातले. तेही १६० बाय १४४ ठिपकेच दाखवते, पण ते ठिपके म्हणजे मूळ मोठ्या चित्राचा मधला कापून घेतलेला तुकडा होय, आणि आतील काळाचा ठेका टीव्हीचाच, अमेरिकी-जपानी पद्धतीचा राहिला आहे. तेथे मालधक्क्यावाचून निभावू शकते. अंकरूपातील तांबडा, हिरवा व निळा हे रंग रोधकांच्या शिडीने कमी-अधिक व्होल्टेजमध्ये उतरवले आणि ओळखखुणेचा स्पंद त्यात मिसळला की काम पुष्कळसे होते. ज्या यंत्राच्या पूर्वजांत टीव्ही होता ते सहज घरी परतते.

ब्रिक गेमच्या बाबतीत मात्र मला वाचकांची निराशा करावी लागत आहे. त्याच्या काचेवर सर्वसाधारण ठिपके नाहीत. दहा रकाने व वीस ओळींचे २०० ठोकळे, गुणांचे आकडे आणि काही ठरावीक चिन्हे यांचे विद्युदग्र काचेवर कायमचे कोरलेले असतात. ते चेतवणारे संदेश चालू-बंद अशा दोनच अवस्थांचे नसून अनेक पायऱ्यांच्या व्होल्टेजचे व सतत दिशा पालटणारे असतात, कारण एकाच दिशेचा दाब दीर्घकाळ राहिला तर द्रवस्फटिक नासतो. भरीला, त्याची चिप काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली कायमची झाकलेली. त्या काचेचे संदेश उलगडणे अशक्य नाही, पण त्या श्रमात तोच खेळ नव्याने लिहून टीव्हीवर दाखवणे अधिक सोपे. मग ते रूपांतर राहत नाही, नवनिर्मिती होते.

आता प्रत्यक्ष कामगिरीकडे वळू. पहिल्या पिढीच्या गेम बॉयचे आवरण तीन पाकळ्यांच्या खाचेच्या स्क्रूंनी बंद असते, त्यासाठी तशाच तोंडाचा पेचकस लागतो. पाठ उघडली की दिसते की यंत्र दोन पाट्यांत विभागलेले आहे : पाठीकडील पाटीवर प्रोसेसर व कॅसेटची खोबण, पुढील पाटीवर काच व बटणे, आणि या दोहोंना सांधणारी २१ तारांची एक चपटी पट्टी. चित्राचा सारा व्यवहार या पट्टीतून जातो. तीतील पाच तारा आपल्या कामाच्या : ठिपक्यांचे घड्याळ, दोन बिटांच्या दोन तारा, ओळ बदलल्याची खूण आणि चित्र बदलल्याची खूण. या पाच ठिकाणी केसाएवढ्या बारीक मुलामा दिलेल्या तारा डाग देऊन बाहेर काढावयाच्या. डाग देताना तापते टोक क्षणभरच टेकवावे, कारण पाटीवरील तांब्याची चकती जास्त उष्णतेने उखडते आणि ती एकदा उखडली की पुढील दुरुस्ती जिकिरीची होते.

या संदेशांचा दाब ५ व्होल्टचा असतो आणि आजच्या चिपा ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारखी दाब उतरवणारी चिप घालणे आवश्यक आहे, तिची टाळाटाळ करू नये. त्यापुढे मालधक्क्याचे काम पूर्वी एफपीजीए या महागड्या, हवे तसे मंडल आत घडवता येणाऱ्या चिपांकडे असे. आजही उत्तम दर्जाचे तयार संच त्यांवरच बांधलेले असतात. पण जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधील रास्पबेरी पाय संस्थेने पिको नावाची काही शे रुपयांची छोटी पाटी काढली आणि हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले. तिच्या आरपी२०४० चिपमध्ये दोन प्रोसेसर, २६४ किलोबाइट स्मृती, आणि मुख्य प्रोसेसरला गुंतवून न ठेवता केवळ पिनांवरील चढउतार टिपणारी आठ चिमुकली स्वतंत्र यंत्रे आहेत. या चिमुकल्या यंत्रांपैकी एक गेम बॉयचे ठिपके वेचते, इतर काही टीव्हीकडील वाहतूक सांभाळतात. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे अंकीय चित्र एचडीएमआयच्या खोबणीतून पाठवावयाचे तर सेकंदाला २ कोटी ५२ लक्ष ठिपके व प्रत्येकाचे १० बिट, म्हणजे त्या चिपला २५२ मेगाहर्ट्‌झने धावावे लागते. तिचा मूळ प्रमाणित वेग १३३ होता. हौशी मंडळी तिला जवळजवळ दुप्पट पळवतात आणि ती बिनतक्रार पळते, ही त्या रचनेची शाबासकीच म्हणावयाची.

साठवणीने ओळींचा तंटा मिटला तरी चित्रांचा एक बारीक फरक उरतो. गेम बॉय सेकंदाला ५९.७३ चित्रे देते, नव्या टीव्हीला ६० हवी असतात. म्हणजे दर पावणेचार सेकंदांच्या सुमारास एक चित्र दोनदा दाखवावे लागते. सरकत्या पार्श्वभूमीवर लक्ष ठेवून बसलेल्याला तो हलका अडखळा जाणवतो. टीव्हीलाच ५९.७३ वर चालावयास लावणे हा यावरील उत्तम उपाय. बरेच संच ते मुकाट्याने मान्य करतात, काही ‘सिग्नल नाही’ म्हणून हटून बसतात. सेकंदाला ५० हप्ते ओढणाऱ्या जुन्या पाल संचावर मात्र सेकंदाला जवळजवळ दहा चित्रे गाळावी लागतात, आणि मग मारिओची धाव गुळगुळीत राहत नाही.

चित्र मोठे करण्याच्या प्रकरणात माझे मत ठाम आहे : एका ठिपक्याचे पूर्णांकी पटीतच ठिपके करावेत, पडदा पुरा भरण्याचा हव्यास धरू नये. ७२० ओळींच्या पडद्यावर गेम बॉयचा योग इतका सुरेख जुळतो की तो मुद्दाम योजला असावा असे वाटते. १४४ ची पाचपट बरोबर ७२०, आणि १६० ची पाचपट ८००. १०८० ओळींच्या पडद्यावर सातपट करावी, १,००८ ओळी भरतात व वर-खाली ३६-३६ ओळींची काळी किनार राहते. २००१ सालच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे २४० बाय १६० ठिपके ७२० ला साडेचार पट येतात, तेथे निमूटपणे चौपटीवर थांबावे. अर्धवट पटीचा मोह धरला की काही ठिपके चार घरांचे, काही पाच घरांचे होतात, आणि चित्र सरकू लागले की उभ्या रेघा लाटांसारख्या फुगतात व आकसतात. अक्षरांची वळणे तर विद्रूपच होतात.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट काचेच्या मंदपणाची आहे. गेम बॉयची जुनी काच छटा पालटण्यास इतका वेळ घेई की मागील चित्राची सावली पुढील चित्रावर रेंगाळे. खेळ लिहिणाऱ्यांनी या दोषाचाही उपयोग करून घेतला : एखादी आकृती एका चित्रात दाखवावयाची, पुढच्यात लपवावयाची, म्हणजे मंद काचेवर ती अर्धपारदर्शक दिसे. तोच खेळ तत्पर टीव्हीवर आणला की ती सावली निव्वळ लुकलुकते आणि रचनाकाराचा हेतू नष्ट होतो. म्हणून चांगले रूपांतर लागोपाठच्या दोन चित्रांची सरासरी दाखवण्याची सोय ठेवते. हा दोषाचा जीर्णोद्धार करण्याचा प्रकार आहे असे कोणी म्हणेल. पण चित्र ज्या काचेसाठी रंगवले गेले त्या काचेचे गुणदोष हे त्या चित्राचे अंग असते, असे मी मानतो.

बटणे, आवाज व वीज यांचा निकाल लवकर लागतो. गेम बॉयची बटणे आठ : चार दिशा, ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट; नेमकी तीच आठ बटणे फॅमिकॉमच्या नकलांच्या पहिल्या रिमोटवर असतात. माळ्यावर पडलेला नऊ पिनांचा जुना रिमोट सापडला तर तो येथे बसवता येतो, मध्ये त्याची भाषा उलगडणारी एक छोटी चिप पुरते. आवाज हेडफोनच्या भोकातून घ्यावा. यंत्राचा स्वतःचा भोंगा एकच असला तरी हेडफोनकडे डावा-उजवा असा दुहेरी आवाज जातो, आणि ते संगीत मोठ्या संचावर ऐकताना पहिल्यांदाच त्याची श्रीमंती कळते. विजेसाठी सेलांऐवजी नियंत्रित पुरवठा द्यावा. मूळ यंत्रात काचेसाठी सुमारे उणे १९ व्होल्ट तयार करणारा भाग असतो, काच कायमची काढली तर दोन पाट्यांना सांधणाऱ्या पट्टीची टोके उघडी सोडू नयेत.

कंपन्यांनी ही गरज ओळखली नव्हती असे नाही. १९९४ साली निन्टेन्डोने सुपर गेम बॉय हा जोडखोका काढला. त्याच्या पोटात गेम बॉयचे संपूर्ण मंडल होते आणि त्याचे चित्र मोठ्या सुपर फॅमिकॉम यंत्राद्वारे टीव्हीवर जाई. गमतीची गोष्ट अशी की त्याने आपले घड्याळ मोठ्या यंत्राकडून उसने घेतल्यामुळे सर्व खेळ सुमारे २.४ टक्के अधिक वेगाने धावत व संगीत किंचित चढ्या सुरात वाजे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, जी जपानपुरतीच राहिली, स्वतंत्र स्फटिक घालून तो दोष काढला. २००७ च्या सुधारित पीएसपीला सोनीने टीव्हीसाठी निर्गम दिला, आणि २०१७ च्या निन्टेन्डो स्विचपासून तर हातातले यंत्र आधारावर ठेवताच चित्र टीव्हीवर जावे ही रीतच पडून गेली. कोणी म्हणेल की टीव्हीच्या खोक्यावर अनुकरणाचा प्रोग्राम टाकला तरी तेच खेळ दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला? ते खरे, पण तेथे खेळतो तो दुसराच संगणक. आपल्या हाती असलेले जुने यंत्र कपाटातच राहते.

ज्यांच्या घरी अजून पिक्चर ट्यूबचा संच आहे त्यांना एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. आपल्याकडील पुष्कळ जुन्या संचांना एव्हीची खोबणच नसे, असे ती केवळ अँटेनाची; आणि अनेकांची आतील चौकट विजेच्या मुख्य तारेशी प्रत्यक्ष जोडलेली, म्हणजे जिवंत असते. अशा संचाची पाठ उघडून चित्राची तार आत कोठेतरी डागणे म्हणजे खेळणाऱ्या मुलाच्या हातात २३० व्होल्ट देण्यासारखे आहे. तेथे चित्र व आवाज तीन किंवा चार क्रमांकाच्या वाहिनीवर चढवणारा मॉड्युलेटर वापरावा आणि अँटेनाच्या वाटेनेच आत शिरावे. तोही पाल पद्धतीचाच हवा, कारण आपल्या संचांत ध्वनी चित्राच्या ५.५ मेगाहर्ट्‌झ पलीकडे शोधला जातो आणि अमेरिकी मॉड्युलेटर तो ४.५ वर ठेवतो. मग पाठीमागील व्हर्टिकल होल्डची कळ फिरवून चित्र स्थिर केले तरी संच मुका राहतो. या बाबतीत गावातील जुन्या टीव्ही मेकॅनिकचा सल्ला पुस्तकी ज्ञानाहून श्रेष्ठ मानावा. ज्याने उमेदीची वर्षे ईएचटी बदलण्यात व डाग तपासण्यात घालवली, त्याला ओळ, स्पंद आणि मुदत या गोष्टी हाताच्या बोटांनी ठाऊक असतात; पिकोवरील प्रोग्राम त्याला अपरिचित असेल, तो आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलाने लिहून द्यावा.

पहिली चाचणी मूळ काच जोडलेली ठेवूनच घ्यावी, म्हणजे दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ताडून पाहता येतात. काळा व पांढरा बरोबर असून मधल्या दोन राखी छटांची अदलाबदल दिसली, तर दोन बिटांच्या तारा उलटसुलट लागल्या आहेत. सगळे चित्र एका ठिपक्याने सरकले असेल किंवा कडांवर वाळूसारखे कण नाचत असतील, तर घड्याळाच्या चढत्या काठाऐवजी उतरत्या काठावर वाचन करावे, अथवा उलट. चित्र खालून वर वाहत असेल तर चित्र बदलल्याची खूण पोहोचत नाही, तो डाग पुन्हा तपासावा. हे सर्व जुळल्यावरही, काच शाबूत असेल तर ती काढू नये. पाच बारीक तारा कडेने बाहेर घेऊन यंत्र पुन्हा बंद करता येते, आणि मग ते प्रवासात मुठीतले राहते व घरी आल्यावर टीव्हीचे होते.